कोलेस्टेरॉल : पथ्याने भागेल की गोळी लागेल?

गेल्या जयंतीच्या आठवड्यात आमच्या विहाराच्या हॉलमध्ये रक्ततपासणीचे शिबीर झाले. सकाळी सातपासून रांग लागली. लोकांनी रक्त दिले, चहा-बिस्किट घेतले, चार दिवसांनी रिपोर्टची पाकिटे वाटली गेली आणि शिबीर यशस्वी झाल्याचे फोटोही निघाले. त्यानंतर महिनाभर माझ्या दारात जो येई त्याच्या हातात तेच पाकीट. "ताई, याच्यात एक आकडा जाड अक्षरात आलाय. मटण बंद करू का?" "सिस्टर, पोरगा म्हणतो कोलेस्टेरॉल वाढलंय, पण मला तर काहीच होत नाही." एका मावशींनी तर रिपोर्ट आल्या दिवसापासून घरातल्या नातवंडांची अंडी बंद केली होती. कोलेस्टेरॉल मावशींचे वाढले आणि अंडी गेली मुलांची.

शिबीर भरवणाऱ्यांत मीही होते, तेव्हा हा दोष माझाही आहे. रक्त काढायला माणसे मिळाली, रिपोर्ट वाचून दाखवायला कुणी बसले नाही. ते राहिलेले काम आज या पानावर करते.

सुरुवात आमच्या दाजींपासून करते. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे पती, परभणीकडचे, एसटीत चालक. २०१९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकली. घरी येताना पाच गोळ्यांची चिठ्ठी मिळाली. वर्षभर त्यांनी सगळ्या गोळ्या इमानाने घेतल्या. मग रक्त तपासले तर एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ६२ निघाले. औषधाच्या दुकानातला माणूस रिपोर्ट पाहून म्हणाला, "एकदम नॉर्मल आहे की! आता कशाला गोळ्या गिळता?" दाजींना तेच ऐकायचे होते. रक्त पातळ करणारी गोळी त्यांनी चालू ठेवली, कोलेस्टेरॉलची सोडून दिली. आम्हाला कुणाला सांगितलेही नाही. दोन वर्षांनी दुसरा झटका आला, तेव्हा एलडीएल १४८ होते. आता हृदयाचा पंप कमजोर झाला आहे. एक जिना चढले की दम लागतो, आणि स्टीअरिंग कायमचे सुटले.

गोळी चालू असती तर दुसरा झटका आलाच नसता, असे मी म्हणणार नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. धोका बराच कमी राहिला असता, एवढे मात्र नक्की. आणि मला राग त्या दुकानदाराचा कमी येतो, आम्हा दवाखान्यातल्या लोकांचा जास्त. मी अठरा वर्षे वॉर्डात काढली. डिस्चार्ज देताना मी शेकडो नातेवाइकांना सांगितले असेल, "ही सकाळी, ही रात्री, पुढच्या महिन्यात दाखवायला या." यातली कोणती गोळी किती दिवस घ्यायची आणि कशासाठी घ्यायची, हे सांगायला माझ्याकडे दोन मिनिटे कधी नसायची. पुढचा पेशंट स्ट्रेचरवर थांबलेला असे.

कोलेस्टेरॉल येते कुठून?

कोलेस्टेरॉल हे विष नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते. पित्त, ड जीवनसत्त्व, स्त्री-पुरुषांची संप्रेरके त्याच्यापासूनच बनतात. आणि त्यातले बहुतेक आपले यकृत स्वतःच तयार करते. ताटातून येणारा वाटा लहान असतो. म्हणून तर आयुष्यात मटणाला न शिवलेल्या माणसाचेही कोलेस्टेरॉल वाढलेले निघते, आणि वर्षावासाचे तीन महिने शाकाहार पाळूनही काहींचा आकडा जागचा हलत नाही.

ही चरबी रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर तिच्या बारीक पुड्या बांधून रक्तातून फिरवते. एलडीएल या त्यातल्याच पुड्या. त्या गरजेपेक्षा जास्त झाल्या की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात शिरून बसतात, तिथे सूज धरते, थरावर थर चढतो. हे काम वीस-तीस वर्षे मुकाट चालते. दुखत नाही, खुपत नाही, चक्कर येत नाही. मग एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. हृदयाची वाहिनी असेल तर झटका, मेंदूची असेल तर लकवा. तेव्हा "मला तर काही होत नाही" हे वाक्य कोलेस्टेरॉलच्या बाबतीत काहीच सांगत नाही. रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही.

क्वचित शरीर खूण दाखवते. पापण्यांवर पिवळसर उंचवटे येतात, टाचेमागच्या जाड शिरेवर गाठी दिसतात, चाळिशीच्या आतच बुबुळाभोवती पांढरट कडे येते. अशी खूण असेल आणि घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल, तर तो आईबापांकडून आलेला प्रकार असू शकतो. तो सुमारे अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो आणि आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरात माणूस काटकुळा असला तरी एलडीएल १९० च्या वर असते. तिथे लहान मुलांचेही रक्त तपासावे लागते.

आणखी एक समज आपल्या वस्त्यांत फार घट्ट बसला आहे. हा म्हणे बंगल्यात बसून खाणाऱ्यांचा आजार. दिवसभर राबणाऱ्याला कसले आले कोलेस्टेरॉल! दाजी बारा-बारा तास गाडी चालवत. मी पाहिलेल्या झटक्याच्या पेशंटांत हमाल होते, सफाई कामगार होते, बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाया होत्या. भारतीय माणसाला हृदयविकार पाश्चात्त्य देशांतल्या माणसापेक्षा काही वर्षे आधीच गाठतो. आपल्याकडे चांगले कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड नावाची दुसरी चरबी जास्त, असे चित्र पुष्कळांच्या रिपोर्टात दिसते. त्याला मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखूची जोड मिळाली की मग एलडीएल फार वाढलेले असण्याचीही गरज उरत नाही.

रिपोर्टातला कुठला आकडा बघायचा?

लोक पहिला आकडा बघतात, एकूण कोलेस्टेरॉल, आणि २०० च्या वर गेला की घाबरतात. शिबिरातलीच दोन उदाहरणे घ्या. एक चौतिशीची अंगणवाडी सेविका. तिचे एकूण कोलेस्टेरॉल २१५. ती रडकुंडीला आली होती. पण तिचे एचडीएल ६८ होते, एलडीएल १२५, साखर नॉर्मल, रक्तदाब नॉर्मल, तंबाखू नाही, घरात कुणाला हृदयविकार नाही. दुसरे एक काका, वय ५६. एकूण कोलेस्टेरॉल १७८, म्हणून खुशीत होते. त्यांचे एचडीएल ३०, ट्रायग्लिसराइड १९०, एलडीएल ११०. आठ वर्षांपासून मधुमेह, आणि दिवसाला बिडीचे एक बंडल. गोळीची गरज काकांना आहे. सेविकाताईंना आज तरी नाही.

प्रयोगशाळा रिपोर्टच्या उजव्या बाजूला 'नॉर्मल' म्हणून जे छापते ते सगळ्यांना एकसारखे असते. त्या छापील ओळीला तुम्ही कोण आहात, तुम्हाला मधुमेह आहे की नाही, स्टेंट पडली आहे की नाही, हे माहीत नसते. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये आपल्या लोकांसाठी जे मार्गदर्शन काढले त्याचा सारांश असा : धोका कमी असलेल्या माणसाचे एलडीएल १०० च्या खाली असावे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ७० च्या खाली. आणि ज्याला झटका, लकवा किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा अडथळा होऊन गेला आहे त्याचे ५५ च्या खाली. म्हणजे दाजींचे ६२, जे दुकानदाराला 'एकदम नॉर्मल' वाटले, ते त्यांच्यापुरते अजून जास्तच होते.

रिपोर्टात एलडीएलखेरीज आणखी एक हिशेब घरी करता येतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. काकांचे १७८ मधून ३० गेले, उरले १४८. रक्तवाहिनीला त्रास देणारी सगळी चरबी या आकड्यात येते. तो एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा साधारण तीसने जास्त चालतो. काकांचा १०० च्या आत हवा. ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले असते त्यांच्यासाठी हा आकडा जास्त खरा बोलतो.

तपासणी उपाशीपोटीच हवी असे आता राहिलेले नाही. पहिल्या तपासणीला जेवून गेलात तरी चालते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघाले तर मात्र नऊ-दहा तास उपाशी राहून पुन्हा करावी लागते. आणि आकडा वाढलेला दिसला की औषधाआधी थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड मंदावले तरी कोलेस्टेरॉल चढते. बायकांत हे पुष्कळदा सापडते. अशा वेळी थायरॉइडची गोळी सुरू झाली की कोलेस्टेरॉल आपोआप उतरू लागते.

ताटातून किती उतरते?

इथे खरे बोलायला हवे. पथ्य नीट पाळले तर एलडीएल साधारण दहा ते पंधरा टक्के उतरते. सेविकाताईंचे १२५ मग ११० च्या आसपास येईल, आणि त्यांचे वय व बाकीची तब्येत पाहता तीन ते सहा महिने पथ्यावर काढून पुन्हा तपासणे योग्यच आहे. पण ज्याचे १९० आहे त्याचे पथ्याने १६०-१७० होईल. तिथे पथ्य हवेच, पण पथ्यावर भागणार नाही. ट्रायग्लिसराइडचे गणित वेगळे. ते साखर, मैदा, दारू आणि पोटाचा घेर यांच्यामागे धावते, आणि हे चार कमी केले की झपाट्याने उतरते. ज्यांचे ५०० च्या वर आहे त्यांनी दारूचा थेंबही घेऊ नये. स्वादुपिंडाला सूज येऊन जीव जाऊ शकतो.

पथ्य म्हणजे मटण बंद, असे आपण धरून चालतो. खरा मुद्दा तेलाचा आहे. आमच्या मराठवाड्यात माझ्या आजीच्या हाताखाली करडईचे तेल असायचे. शेतात ज्वारीच्या कडेने करडई, घरात जवसाची चटणी. करडईच्या तेलात घट्ट होणारी चरबी, म्हणजे जी यकृताला जास्त एलडीएल रक्तात ठेवायला लावते ती, दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. शेंगदाणा तेलात पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेर. आणि पामतेल, पामोलीन यांत जवळपास निम्मी! आता घरोघरी स्वस्त म्हणून तेच येते. २०२२ च्या दिवाळीला रेशनवर शंभर रुपयांत जो आनंदाचा शिधा मिळाला त्यातही एक लिटर पामतेलच होते. गरिबाने स्वस्त तेल घेतले तर त्याला दोष देता येत नाही. प्रश्न सरकार रेशनवर कुठले तेल देते हा आहे आणि तो आपण विचारत राहिले पाहिजे. तोवर घरात एवढे करता येते : पिशवीवरचे बारीक अक्षर वाचा, परवडेल तेव्हा करडई, सोयाबीन, सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल घ्या, आणि मुख्य म्हणजे कमी वापरा. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरते. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर निम्मे तेल जास्तीचे जाते आहे.

बाटलीवर 'कोलेस्टेरॉल-फ्री' छापलेले पाहून जास्त पैसे देऊ नका. कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांच्या शरीरात बनते. कुठल्याच बियांच्या तेलात ते दखल घेण्याइतके नसते. पामतेलातही नसते, तरी ते आपले कोलेस्टेरॉल वाढवते.

वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी त्याहून वाईट. ती एलडीएल वाढवते आणि एचडीएल उतरवते. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ती दोन टक्क्यांच्या वर ठेवायला देशात बंदी आहे. पण भजी-वड्याच्या कढईत तेच तेल दिवसभर उकळत राहते, त्यावर कोण पहारा ठेवणार? खारी, टोस्ट, नानकटाई यांतही घट्ट चरबीच असते. रोज सकाळी चहात चार खारी बुडवून खाणारा माणूस मला अभिमानाने सांगतो, "ताई, मटण सोडलं!" आठवड्यातून एकदा मटणाच्या चार फोडी खाणाऱ्यापेक्षा त्याची खारी जास्त नुकसान करते.

मटण खायचे तर दिसणारी चरबी काढून, थोडे, आणि रश्श्यावर आलेला तवंग चमच्याने काढून खा. भेजा, कलेजी, वजडी यांत कोलेस्टेरॉल फार असते. ज्यांचा आकडा वाढलेला आहे त्यांनी ते सणावारी, चवीपुरते खावे. चिकन कातडी काढून चालते. बांगडा, तारली असे मासे हृदयाला चांगलेच आहेत, मात्र तव्यावर तेलात पोहणारे नकोत. सुकट-बोंबील घरात असतात, त्यांत अडचण चरबीची नाही, मिठाची आहे. रक्तदाब असेल तर कोमट पाण्यात दोनदा धुऊन घ्या.

आणि अंडी. एका अंड्यात दोनशे मिलिग्रॅमच्या जवळ कोलेस्टेरॉल असते हे खरे, पण खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या आकड्यावर परिणाम घट्ट चरबीच्या मानाने कमी होतो. अमेरिकेतल्या सरकारी आहार-मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वर्षानुवर्षे होती, ती २०१५ च्या मार्गदर्शनातून काढली गेली. बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला एक अंडे चालते. मधुमेह असेल किंवा एलडीएल फार असेल तर पिवळे कमी खा, पांढरे खा. पण मुलांच्या ताटातले अंडे काढू नका, कृपा करून! आपल्या घरांत मुलांना मिळणारी सगळ्यात स्वस्त आणि चांगली प्रथिने तीच आहेत. मावशींच्या नातवंडांची अंडी मी त्याच दिवशी परत सुरू करायला लावली.

काय वाढवायचे, हे थोडक्यात सांगता येते, कारण ते आपल्याच घरात आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, कुळीथ, हरभरा, सालासकट डाळी, भेंडी, गवार, वांगी, पेरू, मूठभर भाजके शेंगदाणे, जवसाची चटणी. यांतला चोथा आतड्यात पित्ताला धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. मग नवे पित्त बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. महागड्या ओट्सच्या डब्याची गरज नाही.

चालण्याने एलडीएल फारसे उतरत नाही. हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. पण ट्रायग्लिसराइड, साखर, रक्तदाब, वजन हे सगळे उतरते आणि एचडीएल थोडे वाढते, म्हणून आठवड्याला अडीच तास झपझप चालायचेच. तंबाखूबद्दल मी वेगळे पान लिहीन. इथे एवढेच की बिडी-सिगारेट सोडली की वर्षभरात हृदयविकाराचा जास्तीचा धोका निम्म्यावर येतो, आणि चघळायचा तंबाखू, गुटखा, बायकांची मिश्री हीदेखील हृदयाला सोडत नाही.

गोळी कुणाला, आणि किती दिवस?

या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. आपल्याकडे चिठ्ठीवर बहुधा अटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असते. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारा जो कारखाना आहे त्यातले एक यंत्र ही गोळी मंद करते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडले की ते रक्तातल्या एलडीएलच्या पुड्या ओढून घेते. गोळीच्या ताकदीप्रमाणे एलडीएल तीस ते पन्नास टक्के, कधी त्याहूनही जास्त उतरते. परिणाम महिना-दीड महिन्यात पूर्ण दिसतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचे. आणि गोळी थांबवली की काही आठवड्यांत यंत्र पुन्हा पूर्ण वेगाने चालू होते, आकडा होता तिथे जातो. दाजींचे ६२ हे गोळीने आणलेले ६२ होते. आजार बरा झाल्याचा तो पुरावा नव्हता.

"केमिकलची गोळी नको, नैसर्गिक काहीतरी सांगा," असे म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगते. पहिले स्टॅटिन जपानच्या अकिरा एन्दो या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हजारो बुरशी तपासून एका बुरशीतच शोधले. पुढे १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या देशांमधील ४,४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना स्टॅटिन दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाचेक वर्षांत नुसत्या गोळीवाल्यांत शंभरातले १२ दगावले, स्टॅटिनवाल्यांत ८. व्हॉट्सअॅपवर फिरणारा लसूण-आले-लिंबू-व्हिनेगर-मधाचा 'ब्लॉकेज खोलणारा' काढा असा कुणी, कुठे, किती माणसांवर तपासला, हे तो पुढे पाठवणाऱ्याला विचारा. लसूण भाजीत घालून खुशाल खा. जमलेला थर काढ्याने विरघळत नाही.

गोळी नक्की लागते ती अशा लोकांना : ज्यांना झटका आला आहे, स्टेंट पडली आहे, बायपास झाली आहे, रक्ताच्या गुठळीमुळे लकवा मारला आहे. यांनी ती कायम घ्यायची, रिपोर्ट कितीही चांगला येवो. ज्यांचे एलडीएल १९० किंवा जास्त आहे ते, वय काहीही असो. आणि चाळिशी ओलांडलेले बहुतेक मधुमेही. या तिघांच्या मध्ये जे येतात, त्यांच्या बाबतीत वय, रक्तदाब, तंबाखू, घरचा इतिहास, मूत्रपिंडाची तब्येत हे सगळे एकत्र मांडून डॉक्टर ठरवतात. तुम्ही विचारा, "डॉक्टर, माझा धोका किती आहे? माझे एलडीएल किती हवे?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर न देता नुसतीच चिठ्ठी पुढे सरकवली तर पुन्हा विचारा.

एका गोळीने लक्ष्य गाठले नाही तर काय? डोस दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही, जेमतेम सहा टक्के आणखी उतरते. म्हणून तेव्हा इझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडतात. ती आतड्यातून शोषले जाणारे कोलेस्टेरॉल अडवते. दाजींना आता दोन्ही चालू आहेत.

त्रासाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. काहींचे स्नायू दुखतात, हे खरे. पण सगळे दुखणे गोळीचे नसते. ब्रिटनमध्ये २०२० साली एक छान अभ्यास झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या : चार महिने स्टॅटिन, चार महिने औषध नसलेली गोळी, चार महिने रिकामी बाटली. कुठल्या गोळीत औषध आहे हे त्यांना माहीत नव्हते. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला त्यातला नव्वद टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. म्हणजे ते लोक खोटे बोलत होते असे नाही. दुखत होतेच, पण गोळी घेतो आहोत या भीतीनेही दुखते. तेव्हा अंग दुखले तर गोळी परस्पर फेकू नका, डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, एक दिवसाआड देता येते. मात्र स्नायू खूप दुखून हातपाय उचलेनासे झाले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे क्वचितच घडते, पण मूत्रपिंडाला धोका असतो. साखर काठावर असलेल्यांत ती थोडी वाढू शकते. त्यापेक्षा हृदयाला होणारा फायदा मोठा, म्हणून मधुमेहातही डॉक्टर गोळी देतात.

दोन गोष्टी डॉक्टरांना स्वतःहून सांगायला विसरू नका. पहिली बायकांसाठी : दिवस राहिले असतील किंवा राहू द्यायचे असतील तर स्टॅटिन चालू असल्याचे लगेच सांगा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते साधारणपणे थांबवतात, आणि गरोदरपणात कोलेस्टेरॉल तसेही वाढतेच. दुसरी गजकर्णाची. आपल्याकडे गजकर्ण घरोघरी आहे आणि त्यावर इट्राकोनॅझोलची कॅप्सूल सर्रास दिली जाते. ती अटोर्व्हास्टॅटिनसोबत गेली की स्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचेही तसेच. त्वचेच्या डॉक्टरकडे जाताना हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.

खर्चाचे म्हणाल तर अटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. जन औषधी केंद्रात ते नावाजलेल्या कंपनीच्या पट्टीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते आणि औषध तेच असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. गोळी संपली असे सांगितले तर कधी येईल ते विचारा आणि मधल्या दिवसांची तेवढी जन औषधीतून घ्या. खंड पडू देऊ नका. अटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही घेता येते, जेवणाआधी की नंतर याचाही प्रश्न नाही. रोज ठरलेली वेळ तेवढी हवी. दाजींची पट्टी आता ताईने चहापत्तीच्या डब्यात ठेवली आहे. चहा ते विसरत नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता विहाराच्या हॉलमध्ये मी बसणार आहे. शिबिरातले रिपोर्ट घेऊन या, जुने असले तरी आणा. चालू गोळ्यांच्या पट्ट्याही सोबत आणा, आणि एखादी सोडून दिली असेल तर तिची रिकामी पट्टीही आणा. रागावणार नाही, फक्त नाव वाचायचे आहे.